पूर्वज टीव्हीवर, वंशावळ सेतूत

"पणजीसाठी कोण रडतं बे?" मोबाइलवर जेरेमी पॅक्समनची चित्रफीत बघून माझ्या चुलतभावाच्या तोंडून पहिलं हेच निघालं.

पॅक्समन म्हणजे बीबीसीवर भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडणारा मुलाखतकार. २००६ साली कॅमेऱ्यासमोर पणजीची कहाणी कळली आणि त्याचे डोळे भरून आले. पणजी ग्लासगोतली, गरीब, विधवा, पदरी पोरंबाळं. गरिबांसाठीची जी तुटपुंजी मदत तिला मिळायची, ती लग्नाशिवाय मूल झालं म्हणून बंद करण्यात आली. शेजारी बसलेली आत्या हसली नाही की हळहळलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "तिची एवढी माहिती ह्यांना मिळाली कुठनं?"

प्रश्न नेमका होता. हे टिपण त्याच्याच मागे लागून लिहिलंय.

'हू डू यू थिंक यू आर?' हा कार्यक्रम बीबीसीवर ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाला. दर भागात एक प्रसिद्ध माणूस आपल्या घराण्याचा माग काढत गावोगावच्या दप्तरखान्यांत फिरतो. पहिल्याच हंगामात विनोदी नट बिल ऑडी आपल्या आईच्या मानसिक आजाराचा छडा लावायला निघाला होता. गुडीगुडी काहीतरी बघायला मिळेल म्हणून बसलेल्या प्रेक्षकांना हे अनपेक्षित होतं. पुढं अमेरिकेसह बऱ्याच देशांनी ही कल्पना उचलली.

ब्रिटनमध्ये याला जमीन तयारच होती. इंग्लंड-वेल्समध्ये १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि १८४१ पासूनच्या जनगणनेत माणसांची नावं आहेत. शंभर वर्षं उलटली की हे जनगणनेचे कागद लोकांना खुले होतात. जानेवारी २००२ मध्ये १९०१ ची जनगणना इंटरनेटवर आली तेव्हा अशी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोसळलं आणि कित्येक महिने बंद राहिलं. म्हणजे टीव्हीनं हे वेड लावलं नाही, लागलेलं वेड ओळखलं. आपल्याकडची गोष्ट उलटी. घरोघर भरून घेतलेला जनगणनेचा तक्ता १९४८ च्या कायद्यानं गोपनीय आहे, शंभर वर्षांनीही तो आपल्या हाती पडत नाही.

कागद नसेल तर काय, याचं उत्तर अमेरिकेत आधीच एकदा देऊन झालं होतं. जानेवारी १९७७ मध्ये कृष्णवर्णीय लेखक ॲलेक्स हेलींच्या 'रूट्स' या पुस्तकावरची मालिका सलग आठ रात्री दाखवली गेली. गुलामांच्या नोंदी मालकाच्या हिशेबात, बऱ्याचदा नावाविना. म्हणून हेली गांबियातल्या जुफुरे गावी गेले आणि तिथं वंशगाथा तोंडपाठ सांगणाऱ्या ग्रियोकडून त्यांनी कुंटा किंटेची, म्हणजे गुलाम म्हणून नेलेल्या आपल्या पूर्वजाची, कथा ऐकली. त्याच वर्षी लंडनच्या एका पत्रकारानं या ग्रियोच्या साक्षीवर शंका घेतली, पुढं वंशावळीच्या अभ्यासकांनी कागदपत्रांतल्या चुका दाखवल्या. लोकांवर फारसा परिणाम झाला नाही. अमेरिकेत घरोघर आजी-आजोबांना बसवून विचारणं तेव्हापासून वाढलं.

ग्रियो म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाला हेळवी आठवावा. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. मूळ पुरुष पांगळा होता, बैलावर बसून फिरायचा, अशी त्यांची कथा. सीमेच्या अल्याड-पल्याड ठरलेली घरं, ठरलेली फेरी. हातात घंटा. दारात उभं राहून घराण्याचा मूळ पुरुष, कुठून आला, कुणाला किती मुलगे, कोण कुठं पांगलं, हे एका सुरात म्हणायचं, मग धान्य, कापड, पैसे जे मिळेल ते घ्यायचं आणि घरात नवीन जन्मलेल्याची नोंद करून पुढं जायचं. आधी ताम्रपट आणि ताडपत्र, मग वह्या. पंढरपुरात क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतही तेच: अमुक साली अमुक गावचा तमुक येऊन गेला, सोबत कोण होतं. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांत तर आडनावातच पत्ता असतो. इंटिपेरू, म्हणजे घराचं नाव, तेलंगणातून निघताना सोबत आणलेलं.

तर कार्यक्रमाकडं परत. प्रेक्षकांच्या तक्रारी जुन्याच आहेत. एक, राजे फार सापडतात. २०१६ मध्ये डॅनी डायर हा लंडनच्या कष्टकरी वस्तीतला नट तिसऱ्या एडवर्डचा वंशज निघाला तेव्हा ब्रिटन आठवडाभर हसत होतं. वीस पिढ्या मागं गेलं की पूर्वजांच्या जागाच दहा लाखांवर होतात; त्यातला एखादा राजा निघाला यात नवल ते काय? दोन, साधी माणसं गाळली जातात. खाणकामगाराचा मुलगा असलेल्या मायकेल पार्किन्सननं २००९ मध्ये जाहीरच सांगितलं की त्याचं घराणं कंटाळवाणं ठरवून त्याचा भाग रद्द केला गेला. तिसरी तक्रार मला सगळ्यांत गंभीर वाटते. अमेरिकेतल्या 'फाइंडिंग युवर रूट्स' मध्ये बेन ॲफ्लेकचा एक पूर्वज गुलाम बाळगणारा निघाला, त्यानं ते गाळायला सांगितलं आणि गाळलं गेलं. २०१५ मध्ये हे फुटलं, वाहिनीनं पुढचा हंगाम लांबवला. कागदाचं कौतुक करणाऱ्या कार्यक्रमानंच कागद झाकला म्हणून प्रेक्षक चिडले, आणि बरोबर चिडले.

आमच्याकडं मात्र भावाचं रडण्यावरून हसू थांबलं ते वेगळ्याच कारणानं. "आपली वंशावळ काढायला किती हेलपाटे झाले आठवतं का?" असं मी विचारलं. सोलापुरात, खरं तर अख्ख्या महाराष्ट्रात, वंशावळ हा हौसेचा शब्द राहिलेला नाही. वंशावळ म्हणजे व्हॅलिडिटीच्या, अर्थात जातपडताळणीच्या, फायलीतला कागद. खापरपणजोबापासून खाली रेघा, शेवटी अर्जदाराचं नाव, सोबत प्रतिज्ञापत्र. अनुसूचित जातीसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७, या सालांच्या आधीचा पुरावा हवा. मग शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. २०२३ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. पेशवाईचे कागद वाचायला शिकलेली माणसं तालुक्याच्या दप्तरखान्यात जन्ममृत्यूच्या वह्या चाळत बसली.

मिलच्या माणसाचं तर अवघडच. १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या जुन्या मिलच्या भोंग्यावर निम्मं शहर जेवायला बसायचं. मस्टरवर नाव, खातं, पगार, सगळं असायचं. गिरण्या बंद पडल्या, जागा विकल्या गेल्या. मस्टरं कुठं गेली म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

आणि ज्यांच्याबद्दल सरकारनं अगदी नेमानं लिहून ठेवलं, ते कोण? सेटलमेंटमधले लोक. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा घरांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. रोज हजेरी. १९११ च्या कायद्यानं बोटांचे ठसे घेण्याचीही सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, वस्तीला सेटलमेंट हे नाव मात्र चिकटून राहिलं. रिक्षावाल्याला अजून तेवढं सांगितलं तरी पुरतं. पाळत ठेवायला केलेली त्या काळची एखादी नोंद सापडली, तर आज नातवाच्या दाखल्याला तीच जोडायची. पॅक्समनच्या पणजीचंही तसंच. मदत द्यायची की तोडायची हे ठरवायला केलेली तिची चौकशी शंभर वर्षांनी पणतूच्या हाती आली. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे, आणि ते तिला सांगताना मला जरा जड गेलं.

तिनं ऐकून घेतलं आणि व्हॅलिडिटीची फाइल काढायला लावली. आमच्या घराण्याला तारून नेणारा पुरावा गाव नमुना १४ चा एक उतारा आहे. तारीख, बापाचं नाव, जात. बाळाच्या रकान्यात नुसतं 'मुलगी'. या एका ओळीवर पुतणीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश टिकला. पण वंशावळीच्या रेघांमध्ये ही मुलगी नाही. मुलींच्या रेघा आम्ही ओढल्याच नव्हत्या.

आत्यानं चष्मा वर करून ती तारीख दोनदा वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं. "ही माझी थोरली आत्या," ती म्हणाली. नाव काय होतं, मी विचारलं.

"सगळे बाईच म्हणायचे तिला."