वाहनाबाहेर येणारा भार

मोटारगाडीच्या पुढच्या, मागच्या किंवा बाजूच्या कडेपलीकडे निघालेला माल. सळया, बांबू, शिडी आणि टपावर बांधलेली कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, लांब होडी) ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. समुद्रात वापरायची कयाक सुमारे ५ मी. किंवा त्याहून लांब असते. ती ४ मी. लांबीच्या मोटारीवर ठेवली की किमान मीटरभर भाग बाहेर राहतोच. तो पुढे किती आणि मागे किती असावा, याविषयी देशोदेशींचे कायदे एकसारखे नाहीत.

रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात (अनुच्छेद ३०) पुढे वा मागे १ मी.हून अधिक निघालेल्या भारावर खूण लावणे आवश्यक मानले आहे. जर्मनीच्या वाहतूक नियमावलीतील कलम २२ याहून काटेकोर आहे. तेथे २.५ मी. उंचीपर्यंतचा भार वाहनाच्या पुढे मुळीच येता कामा नये. त्यामुळे साध्या मोटारीच्या टपावरील कयाकची सगळी जादा लांबी मागे सरकवावी लागते. मागे १.५ मी.पर्यंत आणि १०० किमी.पर्यंतच्या प्रवासात ३ मी.पर्यंत मुभा आहे. मागील परावर्तकांपासून १ मी.हून अधिक लांबी बाहेर असल्यास किमान ३०×३० सेंमी.चे, आडव्या काठीने ताणलेले तांबडे निशाण लावावे लागते, आणि ते रस्त्यापासून १.५ मी.हून उंच असून चालत नाही. कयाकचे टोक बहुधा त्याहून वरच असल्याने निशाण दोरीने खाली सोडावे लागते. फ्रान्समध्येही पुढे काही निघू देत नाहीत. मागे ३ मी.पर्यंत चालते.

ब्रिटनमध्ये १९८६ च्या रचना व वापर विनियमांनुसार मागे १ ते २ मी. निघालेला भार स्पष्ट दिसेल अशी व्यवस्था पुरते; २ मी.पुढे ३.०५ मी.पर्यंत तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे फलक लागतात, त्यापुढे पोलिसांना पूर्वसूचना आणि सोबत मदतनीसही. केवळ वल्ह्यांनी चालणाऱ्या शर्यतीच्या होड्यांना यात काही सवलत आहे. शर्यतीची कयाक त्यात बसते का, हा शब्दार्थाचा प्रश्न होय. मराठीत दोन्ही साधनांना वल्हेच म्हणतात. इंग्रजीत मात्र होडीच्या काठाला आधारून मारायचे वल्हे आणि कयाकप्रमाणे नुसते हातात धरून मारायचे वल्हे यांना निरनिराळे शब्द आहेत व विनियमात पहिलाच आला आहे. सवलतीचा हेतू लांब, हलक्या होड्यांची ने-आण सोपी करण्याचा असल्याने कयाकही त्यात यावी, असे म्हणता येते. तथापि शब्दशः अर्थ घेणे अधिक सुरक्षित दिसते.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ खाली मालवाहू गाडीच्या मागे १ मी.पर्यंत खांब वगैरे निघालेले चालत असे. ही सवलत २०१४ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे सळयांच्या टोकाला लाल फडके बांधल्याने टेम्पो नियमात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या कलम १९४(१अ) अन्वये मर्यादेबाहेर निघालेल्या भारास २०,००० रुपये दंड असून माल उतरविण्याचा खर्चही भरावा लागतो.