'लेगसी' शब्दाची भानगड: ओपनएसएसएल ३.० ची पार्श्वभूमी

नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आवृत्ती १६ वरून १८ वर गेलं की कालपर्यंत चालणारा बिल्ड (कोडमधून तयार ॲप बांधण्याचं काम) 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स: अनसपोर्टेड' म्हणत आडवा पडतो. आपल्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसतं. बदललेली असते नोडच्या पोटातली ओपनएसएसएल, म्हणजे एन्क्रिप्शनचं काम करणारी लायब्ररी: सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली तिची आवृत्ती ३.०.

लायब्ररी १९९८ ची. २०१४ मध्ये तिच्यात सापडलेल्या 'हार्टब्लीड' या गंभीर त्रुटीनंतर साफसफाईने वेग घेतला. २०१६ च्या १.१.० ने आतली स्ट्रक्चर्स झाकली आणि थेट आत हात घालणारे प्रोग्रॅम कंपाइल होईनात. तो मार मुख्यतः पॅकेज सांभाळणाऱ्यांनी खाल्ला. ३.० चा मार सगळ्यांपर्यंत पोचला. (२.० आलीच नाही, तो आकडा फिप्स या अमेरिकी सरकारी सुरक्षा-मानकासाठीच्या मॉड्यूलने आधीच अडवला होता.)

३.० ने अल्गोरिदम 'प्रोव्हायडर' नावाच्या कप्प्यांत वाटले. जुने गेले 'लेगसी'त, आणि तो कप्पा आपणहून उघडत नाही. एमडी४ हा हॅश (मजकुरापासून छोटा ठसा काढणारा अल्गोरिदम) तिकडे गेला यात नवल नाही, १९९५ मध्येच तो फुटला होता. पण बिल्ड आडवा पडला तो यामुळेच: बिल्ड करणारं साधन वेबपॅक एमडी४ वापरत होतं, आणि त्याने काही गुप्त ठेवतच नव्हतं. फाईल बदलली का, एवढंच त्या हॅशवरून ओळखत होतं. बरं, एमडी५ हा दुसरा हॅश सुद्धा २००४ पासून फुटलेलाच, तो मात्र मुख्य कप्प्यात सुखरूप. उलट राइपएमडी-१६० हा आणखी एक हॅश लेगसीत टाकला आणि ३.०.७ मध्ये परत मुख्य कप्प्यात घ्यावा लागला. लेगसी म्हणजे 'वापरातून गेलेलं' की 'असुरक्षित'? अधिकृत माहितीपानावर दोन्ही अर्थ एकाच वाक्यात आहेत. माझ्या मते चूक एमडी४ काढण्यात नव्हती, दोन वेगळ्या गोष्टींना एकच पाटी लावण्यात होती.

लोकांनी तोडगा काढला तो नोड-ऑप्शन्समध्ये (नोडला सूचना देणाऱ्या सेटिंगमध्ये) 'ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर' टाकण्याचा. त्याने अख्खा लेगसी कप्पा उघडतो: एका एमडी४ साठी आरसी४, डीईएस हे जुने सायफरही सगळेच आत. शिवाय तीच ओळ नोड १६ च्या मशीनवर गेली की 'हा पर्याय चालत नाही' म्हणून नोड सुरूच होत नाही! पुढे वेबपॅकने एमडी४ स्वतःच्याच कोडमध्ये आणला, तरी कित्येक डॉकरफाइल्समध्ये (कंटेनर बांधण्याच्या सूचनांच्या फाइल्समध्ये) ती ओळ अजून आहे.

मार नोडपुरता नव्हता: एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू या लिनक्स सिस्टिमची २२.०४ आवृत्ती आली ती फक्त ओपनएसएसएल ३ घेऊन. ओपनएसएसएल १.१ वर बांधलेल्या बायनरी (तयार प्रोग्रॅम) तिची 'लिबएसएसएल.एसओ.१.१' ही फाईल शोधत बसल्या, आणि लोक जुन्या उबुंटू २०.०४ चं डेब पॅकेज उतरवून हाताने बसवू लागले. ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. हाताने बसवलेलं ते पॅकेज नव्या सिस्टिमच्या अपडेटमध्ये येत नाही.