धूसर फुटेजमधला नंबर ‘साफ’ होतो का?
सोलापुरात नवी पेठेतून गाडी चोरीला गेली की कुणीतरी हमखास सांगतं, “सीसीटीव्हीचा फोटो मोठा करा, नंबर दिसेल.” तसं होत नाही. ‘एमएच १३’च्या पाटीवर अक्षरं-आकडे मिळून १०, फुटेजमध्ये पाटी २० पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) रुंद असेल, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम २. त्यात ३ आणि ८ सारखेच डाग. चादरीत धागाच विणला नाही, तर मोर कुठून दिसणार? एआय चित्र रेखीव करतं, पण अंदाजाने. २०२० साली ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या एआय प्रणालीने ओबामांच्या धूसर फोटोतून चक्क गोरा माणूस काढला! अशा नंबरावरून निरपराध माणूस अडकेल, याची मला खरी काळजी वाटते. मात्र पाटीच्या अनेक फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) जुळवून थोडा खरा तपशील मिळू शकतो. त्यासाठी मूळ फुटेजच द्या; व्हॉट्सॲपवर पाठवताना तपशील आणखी कमी होतो.