ऑफ-रोड बंपर घरी बनवणार असाल, तर आधी हे वाचा

पावसाळा तोंडावर आला की आमच्या उद्यमनगरातल्या शेडवर एकच विचारणा सुरू होते: "गाडीला पुढं लोखंडी बंपर करायचाय, प्लेट कापून द्याल का? वेल्डिंग आम्ही घरी करतो." कुणाचं शेत गगनबावड्याकडं असतं, कुणी ऑफ-रोड स्पर्धेसाठी जुनी जीप किंवा पिकअप तयार करत असतं. प्लेट आम्ही जरूर कापून देतो. पण प्लेट कापायच्या आधी काही गोष्टी तुमच्या कानावर घालणं आम्हाला गरजेचं वाटतं.

गाडी कुठं चालणार?

जी गाडी रस्त्यावर धावते, तिच्यासाठी आम्ही हा बंपर बनवत नाही आणि त्यासाठी प्लेटही कापत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं क्रॅश गार्ड आणि बुल बारवर, म्हणजे गाडीपुढं लावलेल्या अशा लोखंडी बंपर-दांड्यांवर, कारवाई करायला सर्व राज्यांना कळवलं. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंड भरून माणूस सुटतो. एअरबॅगचं तसं नाही. गाडी धडकली की पुढचा भाग ठरलेल्या पद्धतीनं चेपत जातो आणि गाडी किती झपाट्यानं थांबतेय, हे सेन्सर मोजतो. त्यावरून डोळ्याची पापणी लवायच्या आत एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. पुढं कडक लोखंड आलं की ते गणितच बदलतं. एअरबॅग उशिरा उघडू शकते, किंवा गरज नसताना तोंडावर फुटू शकते. शिवाय रस्त्यावर आडवं आलेलं लहान मूल या बंपरच्या कडेला नेमकं छातीच्या उंचीवर लागतं. आम्हालाही मुलं आहेत. या बाबतीत कितीही आग्रह झाला तरी आमचं उत्तर बदलत नाही.

पुढचं सगळं लिहिलंय ते शेताच्या बांधाआत राहणाऱ्या किंवा ट्रेलरवर घालून मैदानात नेल्या जाणाऱ्या, एअरबॅग नसलेल्या, वेगळी चॅसी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) असलेल्या गाडीसाठी.

धक्का शेवटी जातो कुठं?

आमच्याकडं एकदा एक जुनी पिकअप आली होती. बंपर दहा मिलिमीटर प्लेटचा, दुसरीकडून करून घेतलेला. ओढ्यात मोठ्या धोंड्यावर आपटली होती. बंपरवर पोपडाही उडाला नव्हता. मालक खूश होते, तक्रार एवढीच की बॉनेट नीट बसत नाही. टेप लावून पाहिलं तर चॅसीचं डावं तोंड बोटभर आत वाकलेलं. बंपर शाबूत राहिला आणि त्याचा सगळा मार चॅसीनं खाल्ला.

म्हणून घरी बंपर करताना सगळ्यात जास्त वेळ ब्रॅकेटवर, म्हणजे बंपर चॅसीला धरणाऱ्या जोडावर घालवा. ब्रॅकेट बंपरपेक्षा थोडं कमजोर असावं. जबर मार बसला तर आधी ते वाकलं पाहिजे, कारण ब्रॅकेट शंभरदा बदलता येतं. ते चॅसीला वेल्ड करू नका. कंपनीनं दिलेल्या भोकांत बोल्टनं बसवा, एका बाजूला किमान चार बोल्ट, एम-१२ (१२ मिलिमीटर जाडीचे), ८.८ ग्रेडचे. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. कोरलेलं नसेल तर तो बोल्ट घेऊ नका. चॅसी पेटीसारखी पोकळ असेल तर बोल्टच्या वाटेत आतून पाइपचा तुकडा घाला, नाहीतर पान्ह्यानं आवळताना पेटीच चेपते. एम-१२ ला साधारण ८० न्यूटन-मीटर इतकं आवळणं पुरे, आणि पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

प्लेट किती जाड?

बहुतेक जण जास्त जाड मागतात. पाच मिलिमीटर प्लेटचा एक चौरस मीटर सुमारे ३९ किलो भरतो, दहा मिलिमीटरचा ७८. हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढं लोंबतं. चाकांमधलं अंतर तीन मीटर असेल आणि ६० किलोचा बंपर पुढच्या ॲक्सलच्या ७५ सेंटिमीटर पुढं असेल, तर पुढच्या चाकांवर ७५ किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरचे १५ कमी होतात. चिखलात मागची चाकं आधीच घसरतात, त्यात त्यांचंच वजन घटवल्यासारखं होतं. दर्शनी भागाला चार, ब्रॅकेटला सहा मिलिमीटर पुरतं. बंपरची ताकद प्लेटच्या घड्या आणि आतल्या गसेटमधून (कोपऱ्यात जोडलेल्या तिकोनी प्लेटमधून) काढा. पाण्याचा जीआय पाइप वापरू नका. त्याला वेल्ड करताना निघणारा जस्ताचा धूर अंगात ताप भरवतो.

आधी पुठ्ठा, मग लोखंड

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि पूर्ण बंपर त्यातच उभा करा. गाडी सपाट जागी उभी करून सरळ फळीचं एक टोक पुढच्या टायरखाली सरकवा आणि दुसरं वर उचला. टायरला टेकलेली फळी बंपरच्या खालच्या कडेला लागली की ती जमिनीशी जो कोन करते, तो तुमचा चढाचा कोन. कडेचे कोपरे वर कापले की धोंड्याला आधी टायर भिडतो, आणि ऑफ-रोड बंपरचा खरा उपयोग तोच. बॉडी रबरी बुशांवर हलते, बंपर चॅसीबरोबर हलतो. म्हणून दोन्हींत १५ ते २० मिलिमीटर फट ठेवा. रेडिएटरसमोरची जागा मोकळी राहू द्या. ती झाकली की चढावर इंजिन तापतं.

वेल्डिंग

टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारा, बसवून बघा, काढा, मग पूर्ण वेल्ड करा. पूर्ण वेल्ड गाडीवर कधीच नको. टॅक मारतानाही बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. सांध्यावरची काळी पापडी ग्राइंडरनं घासून चकचकीत करा आणि सहा मिलिमीटरच्या कडांना उतार द्या. ब्रॅकेटसाठी ७०१८ रॉड, पण तो कोरडा हवा. सादळलेल्या रॉडचा टाका आतून तडकतो. पहिला टाका टाकाऊ तुकड्यावर मारा, तुकडा शिकंज्यात धरून हातोड्यानं वाकवा. टाका सुटला तर तेवढं ब्रॅकेटचं काम आमच्याकडं आणा. त्यात कमीपणा काहीच नाही.

ओढायचे कान

कान म्हणजे दोर अडकवायला बंपरमधून बाहेर काढलेली भोकाची प्लेट. अडकलेली गाडी ओढताना हा भाग तुटला तर तो गोळीसारखा सुटतो, आणि समोर उभा असतो तो मदतीला आलेला माणूस. कान २० मिलिमीटर प्लेटचा हवा आणि तो बंपर भेदून थेट ब्रॅकेटच्या मागच्या प्लेटपर्यंत गेलेला हवा. नुसता दर्शनी भागावर चिकटवलेला कान आम्ही पाहताक्षणी कापून टाकायला सांगतो. ४.७५ टनी शॅकलची (दोर कानाला जोडणाऱ्या यू-आकाराच्या कडीची) पिन २२ मिलिमीटरची असते. भोक २५ चं पाडा आणि भोकाच्या चहूबाजूंनी किमान तेवढंच लोखंड राहू द्या. ओढताना दोरावर ओलं गोणपाट टाका आणि माणसं दोराच्या दीडपट अंतरावर उभी करा.

रंगाआधी झिंक प्रायमर मारा आणि बंपरच्या सगळ्यात खालच्या जागी बारा मिलिमीटरची दोन भोकं पाडा, म्हणजे आत साचलेलं पाणी आणि चिखल निघून जाईल. आपल्याकडच्या पावसात बंपर आतूनच सडत जातो.

येताना पुठ्ठ्याचे साचे, चॅसीच्या दोन्ही तोंडांचे फोटो आणि भोकांमधली मापं मिलिमीटरमध्ये लिहून आणा. साच्यावर डावा-उजवा मार्करनं लिहा. चॅसीची तोंडं आम्ही समोर उभं राहून तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.