फूटपट्टी, चाप आणि पाव सेकंद

पोलिसांच्या गोळीबारावर चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास येतो: "पायावर का नाही मारली?" धावत्या माणसाचा पाय अरुंद, त्यात सतत हलणारा. नेम चुकला तर गोळी मागच्या कुणाला तरी लागते आणि नेमकी लागली तर मांडीतली मोठी धमनी फुटून माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. म्हणून नेम छातीवर धरायला शिकवतात. विषय संपला. मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न: "त्यानं हात वर केले होते, तरी पुढच्या दोन गोळ्या का?"

त्यासाठी ३० सेंटिमीटरची फूटपट्टी लागेल. समोरच्यानं ती उभी धरायची, शून्य खाली. शून्यापाशी तुमची उघडी चिमटी. न सांगता तो पट्टी सोडेल, तुम्ही पकडायची. बहुतेकांना ती २० सेंटिमीटरच्या आसपास सापडते. शाळेतलं ½gt² आठवत असेल तर गणित करून बघा, उत्तर ०.२ सेकंद येईल. आता समोरच्यानं पट्टी सोडता सोडता मधूनच "नको" म्हणायचं. म्हटलं की पकडायची नाही. "नको" स्वच्छ ऐकू येतं आणि बोटं तरीही मिटतात. मी या खेळात नेहमी हरतो.

१९८४ साली गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या संशोधकांनी याला शर्यत म्हटलं. डोक्यात दोन घोडे पळतात, एक "कर" आणि दुसरा "थांब". "कर" आधी सुटलेला असतो. जो आधी पोचेल त्याचं हात ऐकतो. यातली खरी गंमत मोजमापात आहे. केलेली कृती घड्याळावर दिसते, पण जी झालीच नाही ती किती वेळात थांबली हे मोजायचं कसं? त्यांनी "थांब"चा इशारा पुढेमागे सरकवला. बरोबर निम्म्या वेळा थांबता येईल अशी जागा सापडली की दोन्ही घोडे सरासरीनं एकदमच पोचतात. समजा, दिवा लागल्यावर बटण दाबायला सरासरी ४५० मिलिसेकंद लागतात आणि ती निम्मी-निम्मी जागा दिव्यानंतर २३० मिलिसेकंदांवर सापडली. उरले २२०, हाच थांबण्याचा वेळ. निरोगी तरुण माणसाचा तो साधारण २०० ते २५० मिलिसेकंद भरतो. ब्रेकचा निरोप कपाळामागच्या उजव्या भागातून सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतल्या खोल, छोट्या केंद्राकडे आणि तिथून पुढे जाऊन हालचालीचा हुकूम अडवतो. मात्र हुकूम स्नायूंकडे निघून गेला असेल तर अडवायला काही उरत नाही.

आणि हे सगळं प्रयोगशाळेतलं: एक दिवा, एक बटण, जिवाची भीती नाही. रस्त्यावर आधी हात वर झालेत हे दिसायला हवं, त्याचा अर्थ लागायला हवा, मग ब्रेक. सराव असलेलं बोट सेकंदाला चारेक वेळा चाप ओढू शकतं. म्हणजे पाव सेकंदाला एक गोळी. शेवटच्या एक-दोन गोळ्यांचं कोडं यातून सुटू शकतं. पहिली का झाडली, याचं उत्तर या शर्यतीत नाही.

इथं कुणीतरी अ‍ॅड्रिनलिनचं पुराण लावतं: संकटात काळ मंदावतो, मेंदू चौपट वेगानं चालतो. २००७ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना ३१ मीटर उंचीवरून जाळ्यात सोडलं. मनगटावर आकडे लुकलुकत होते, एरवी वाचता येणार नाहीत इतक्या वेगानं. पडतानाही ते वाचता आले नाहीत. आपण पडलो तो वेळ मात्र त्यांना लांबलेला वाटला. लांबते ती आठवण. जादा वेळ कुणाला मिळत नाही.

"२१ फुटांचा नियम" हेही असंच एक स्तोम. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं की सुरीवाला २१ फूट दीड सेकंदात कापतो आणि पिस्तूल काढून झाडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. ते धोक्याचं अंतर होतं. २१ फुटांच्या आत आला की झाडा, असा अर्थ लोकांनी नंतर चिकटवला.

अंतर म्हणजे वेळ, एवढंच ट्यूलरच्या आकड्यांत आहे. २२ नोव्हेंबर २०१४, अमेरिकेतलं क्लीव्हलँड. बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेतलेला १२ वर्षांचा तमीर राइस. पिस्तूल बहुधा खोटं आहे, असं फोन करणाऱ्यानं सांगितलं होतं. हे सांगणं पोलिसांच्या गाडीपर्यंत पोचलंच नाही. गाडी गवतावरून थेट त्याच्या पुढ्यात येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. त्या दोन सेकंदांवर वर्षभर काथ्याकूट झाला. माझ्या मते निर्णय झाला तो गाडीच्या ब्रेकवर. तीच गाडी ५० मीटर अलीकडे थांबती, तर ओरडून सांगायला, ऐकायला, हात वर करायला वेळ होता.

अमेरिकेतल्याच लुईव्हिल शहराच्या पोलिसांना पुढे नेमकं हेच शिकवलं गेलं: मागे राहा, आडोसा घ्या, बोलत राहा. नंतरच्या अभ्यासात बळाचा वापर २८ टक्क्यांनी घटलेला दिसला, आणि पोलिसांना होणाऱ्या दुखापती ३६ टक्क्यांनी.