कॅम प्रणालीची निवड

कॅडमध्ये (संगणकावरील आरेखनात) रेखाटलेल्या भागावरून कटरचा मार्ग आखून तो सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्राच्या जी-कोडमध्ये (यंत्राला द्यायच्या आज्ञांत) उतरवणारी प्रणाली म्हणजे कॅम. मिलिंग (फिरत्या कटरने कापणे), टर्निंग (लेथवर फिरता जॉब कापणे), वायर-कट (तारेच्या ठिणग्यांनी कापणे) अशा बहुतेक कामांसाठी ती वापरतात.

तिचा उगम कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. पॅट्रिक हॅनरॅटी यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना १९५७ च्या सुमारास तयार केलेली प्रोन्टो ही अनेक ठिकाणी पहिली व्यावसायिक प्रणाली म्हणून नोंदलेली आढळते. दुसरा पक्ष एपीटी या, यंत्राला कटरचा मार्ग सांगणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेचा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५२ मध्ये संख्यात्मक नियंत्रणाचे (आकड्यांतल्या आज्ञांवर चालणारे) मिलिंग यंत्र दाखवले गेले. तेथेच डग्लस रॉस यांच्या पुढाकाराने १९५६ पासून एपीटी आकाराला आली आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये तिच्या साहाय्याने कापलेले ॲल्युमिनियमचे ॲश-ट्रे पत्रकारांना भेट देण्यात आले. केवळ तयार झाल्याचे साल पाहिले तर मान प्रोन्टोकडे जातो; पण आजच्या कॅमची घडण एपीटीशी अधिक जुळते. एपीटीत कटरचा मार्ग आधी कोणत्याही यंत्राशी न बांधता काढला जाई आणि मग पोस्ट-प्रोसेसर तो त्या-त्या यंत्राच्या भाषेत लिहून देई.

कारखान्यात ज्याला नुसते ‘पोस्ट’ म्हणतात तो हाच भाग, आणि निवडीचा खरा कस येथेच लागतो. जी-कोडसाठी आरएस-२७४-डी आणि आयएसओ ६९८३ ही मानके असली तरी प्रत्येक नियंत्रकाची (यंत्र चालवणाऱ्या संगणकाची) बोली वेगळी. फॅनक या कंपनीचा नियंत्रक असलेल्या मिलिंग यंत्रावर जी९२ ने निर्देशांकांचा आरंभबिंदू ठरतो. फॅनकच्याच लेथवर, जी-कोडच्या ‘ए’ पद्धतीत, तोच संकेत आटे पाडण्याचे चक्र चालवतो. नियंत्रकातला पॅरामीटर (सेटिंग) तसा असेल तर दशांश चिन्हाविना लिहिलेले एक्स१० हे १० मिमी नव्हे, १० मायक्रॉन ठरते. हायडेनहाइन या दुसऱ्या नियंत्रक-कंपनीची तर स्वतःची संवादी भाषा आहे. म्हणून आपल्या यंत्रासाठी चाललेले पोस्ट मिळते का आणि ते आपल्याला दुरुस्त करता येते का, हे आधी पाहावे. फ्यूजन या प्रणालीचे पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये व फ्रीकॅड या प्रणालीचे पायथनमध्ये असते. जाणकार प्रोग्रॅमर ते उघडून बदलू शकतो.

त्यानंतर कामाचे स्वरूप. प्लेटमधली भोके व पॉकेट यांना अडीच अक्षांची (खोली ठरवून एकेका पातळीवर कापण्याची) सोय पुरते. डाय-मोल्डच्या (साच्यांच्या) कोअर-कॅव्हिटीसाठी, म्हणजे उंच व खोलगट भागांसाठी, पॉवरमिलसारखी प्रणाली, तर पाच अक्षांच्या कामासाठी एनएक्स किंवा हायपरमिल यांचा विचार होतो. मास्टरकॅम सर्वसाधारण जॉब-वर्कमध्ये रुळलेले आहे. फ्रीकॅड विनामूल्य आणि मुक्त आहे.

येणारी फाइलही पाहावी. स्टेप प्रकारच्या फाइलमध्ये पृष्ठभाग गणिती अचूकतेने टिकतात, एसटीएल प्रकारच्या फाइलमध्ये फक्त त्रिकोण. त्यामुळे एसटीएलमधले गोल भोक प्रत्यक्षात बहुकोन असते आणि त्यावरून त्याचा व्यास व केंद्र ओळखणे प्रणालीला अवघड जाते.

सिम्युलेशनबाबत एक भेद सहज निसटतो. बऱ्याच प्रणाली पोस्टच्या आधीचा मार्ग दाखवतात; पोस्टमध्ये शिरलेली चूक त्या चित्रात दिसतच नाही. म्हणून प्रत्यक्ष जी-कोड वाचून केलेली तपासणी अधिक विश्वासाची. परवाना घेण्यापूर्वी चाचणी-आवृत्तीतून आपलाच एखादा जॉब काढावा आणि झेड (उभा अक्ष) वर उचलून, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबवत), ओव्हरराइड (वेगाची टक्केवारी) कमी ठेवून तो यंत्रावर कोरडा, म्हणजे प्रत्यक्ष न कापता, चालवून पाहावा.