गुणकारी ठरलेली सेवा सर्वांपर्यंत का पोहोचत नाही?

रुग्णालयात दाखल झालेली सत्तरीपलीकडची व्यक्ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक असंबद्ध बोलू लागते, तिला दिवस-रात्रीचे भान राहत नाही आणि कधी घरची माणसेही ओळखू येत नाहीत. या तीव्र भ्रमावस्थेला डिलिरियम म्हणतात. 'वय झाले की असे व्हायचेच' अशा समजुतीने तिच्याकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष झाले. परंतु डॉक्टर शॅरन इनौये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात केलेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ती बऱ्याच अंशी टाळता येते हे दाखवून दिले. सत्तर व त्याहून अधिक वयाच्या ८५२ रुग्णांपैकी नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १५ टक्के, तर विशेष कार्यक्रमाच्या गटात ९.९ टक्के रुग्णांना हा त्रास झाला.

या कार्यक्रमात नवे औषध एकही नव्हते. चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, रुग्णाला उठवून चालवणे, वेळेवर पाणी देणे, वार-तारीख सांगत गप्पा मारणे, रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट पेय आणि शांतता देणे, अशी ही कामे होती आणि त्यांतील बरीचशी प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केली. मात्र एकदा डिलिरियम सुरू झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी कमी झाली नाही. त्यांचा उपयोग होता तो प्रतिबंधापुरताच.

इतका साधा उपाय आपोआप पसरेल असे वाटते, पण तसे होत नाही. गोळी खपवण्यासाठी कंपनी असते. रुग्णाला चालवून आणण्याच्या कामाला विक्रेता नसतो. शिवाय स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचा आणि देखरेखीचा खर्च रुग्णालय करते, तर पुढे टळलेल्या शुश्रूषेची बचत बहुधा कुटुंबाच्या किंवा विमा देणाऱ्याच्या पदरात पडते. हिशेबाची ही विसंगती मला वैद्यकीय अडचणींपेक्षा मोठी वाटते.

दुसरा प्रश्न असा, की नव्या ठिकाणी कार्यक्रमातील काय बदलावे आणि काय जसेच्या तसे ठेवावे? तैवानमधील संशोधकांनी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठांसाठी तीनच घटक निवडले: लवकर हालचाल, तोंडाची निगा व आहारात मदत, आणि भान टिकवणारा संवाद. हे काम स्वयंसेवकांऐवजी एका प्रशिक्षित परिचारिकेकडे सोपवले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत डिलिरियमचे प्रमाण १५.१ टक्क्यांऐवजी ६.६ टक्के आढळले. करणारी माणसे बदलली, घटक घटले, तरी रोज रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन काम करण्याचा नेम सुटला नाही.

ज्येष्ठ मंडळी तोल जाऊन पडू नयेत यासाठीच्या कार्यक्रमांचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. न्यूझीलंडमधील ओटागो कार्यक्रमात प्रशिक्षित व्यक्ती ज्येष्ठांच्या घरी जाऊन पायांचे बळ आणि तोल वाढवणारे व्यायाम शिकवते व टप्प्याटप्प्याने त्यांची काठिण्यपातळी वाढवते. त्याच्या चाचण्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. पुढे अमेरिकेतील ८६ दवाखान्यांत ५,४५१ ज्येष्ठांवर एक व्यापक, बहुअंगी कार्यक्रम तपासला गेला. २०२० साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पडून गंभीर इजा होण्याच्या प्रमाणातील घट केवळ ८ टक्के होती, आणि संख्याशास्त्रीय कसोटीवर तीही टिकली नाही. तेथे परिचारिका जोखीम नेमकी हेरत असत, पण व्यायामासाठी रुग्णाला पुष्कळदा बाहेरच्या वर्गाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे लागे.